लाल फिल्टर लावल्याने डिजिटल फोटो ‘खरा’ कृष्णधवल होत नाही

फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: ‘डिजिटलवर खरा कृष्णधवल फोटो हवा असेल तर लेन्सवर लाल फिल्टर लावा, कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा, तीन स्टॉप वाढवा. सॉफ्टवेअरमध्ये तो परिणाम येतच नाही.’ परिणाम म्हणजे गडद झालेलं निळं आकाश आणि त्यावर उठून दिसणारे ढग; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. फिल्मसाठी हा सल्ला सोळा आणे खरा होता. नेहमीच्या रंगीत सेन्सरवर मात्र त्याने फोटो बिघडतो.

‘कॉन्ट्रास्ट मुळातच नोंदला जातो, म्हणून दर्जा चांगला.’ कृष्णधवल फिल्मला रंग वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून तिथे फिल्टर लागायचा. बायर सेन्सरच्या, म्हणजे नेहमीच्या रंगीत सेन्सरच्या, प्रत्येक पिक्सेलवर रंगीत फिल्टर आधीच बसवलेला असतो: निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. वरून २५ नंबरचा लाल फिल्टर चढवला की हिरव्या-निळ्या पिक्सेलपर्यंत जवळपास काहीच पोचत नाही. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर कामाचे उरतात फक्त ६० लाख पिक्सेल. उलट फिल्टरशिवाय काढलेल्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरची कच्ची नोंद) लाल चॅनेल, म्हणजे लाल पिक्सेलची नोंद, असतोच, शिवाय हिरव्याच्या आधाराने बारीक तपशील जास्त नेमका भरून काढता येतो. फिकट पिवळ्या फिल्टरने नुकसान कमी होतं, कारण तो मुख्यतः निळाच अडवतो. पण त्याने हाती नवं काही लागत नाही.

‘मोनोक्रोम मोडवर कॅमेरा फिल्मसारखा वागतो.’ नाही. मोड बदलतो तो जेपेग (कॅमेऱ्यातून तयार निघणारा फोटो) आणि मागच्या स्क्रीनवरचं चित्र; सेन्सर आणि रॉ रंगीतच राहतात. शिवाय रंगीतवरून कृष्णधवल करण्याच्या साध्या रूपांतरात सर्वाधिक वजन हिरव्याला मिळतं. म्हणजे लाल फिल्टर लावून जो चॅनेल उपाशी ठेवला, त्याचाच नॉइज (दाणेदार खरखर) चित्रात मिसळतो. फिल्टर लावायचाच असेल, तर रूपांतर १०० टक्के लाल चॅनेलवरून करा.

‘तीन स्टॉप वाढवले की एक्स्पोजर जमतं.’ सर्वात जास्त फोटो इथेच वाया जातात. तीन स्टॉपचा हिशेब सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या कृष्णधवल फिल्मसाठी आहे. लाल पिक्सेलना मिळणारा लाल प्रकाश मात्र हा फिल्टर फारसा अडवत नाही. उन्हात लाल चॅनेल हिरव्यापेक्षा साधारण एक स्टॉप खाली असतो, तेवढीच त्याला मोकळीक. १/२५० चं १/३० केलंत की पांढरे ढग लाल चॅनेलमध्ये पार जळतात, आणि तिन्ही रंगांचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) बघत असाल तर ते कळतही नाही. लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि लाल आलेख उजव्या कडेला आपटू देऊ नका. ऑटो व्हाइट बॅलन्सही (रंगछटा आपोआप सावरणारी सोय) बंद ठेवा. तो लालसरपणा काढण्यासाठी रिकामे हिरवे-निळे आकडे फुगवतो.

‘सॉफ्टवेअरने आकाशाची वाट लागते.’ या तक्रारीत तथ्य आहे, पण दोष चुकीच्या साधनाचा. निळ्याचा स्लायडर उणे ८० वर ओढला की प्रोग्राम रंग ओळखून तेवढेच पिक्सेल गडद करतो. फांद्यांच्या कडेला निळा नि हिरवा मिसळलेले असतात, तिथे ओळख चुकते आणि पांढरी किनार उमटते. आठ बिटच्या जेपेगमध्ये तर आकाशात पट्टे पडतात. त्याऐवजी रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडा आणि फोटोशॉपचा चॅनेल मिक्सर, गिंपचा मोनो मिक्सर किंवा डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशनमधला ग्रे टॅब वापरा. लाल १००, हिरवा ०, निळा ० हा लाल फिल्टरचा परिणाम. लाल ६०, हिरवा ४०, निळा ० ठेवलं तर सौम्य, पिवळ्या-नारिंगीच्या जवळचा. इथे प्रत्येक पिक्सेलला एकच गणित लागतं, त्यामुळे तशी किनार येत नाही. निळा उणे २० च्या खाली नेऊ नका, नॉइज वर येतो.

जांभ्याच्या गडग्याला टेकलेली हिरवी झावळी घ्या. साध्या रूपांतरात दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगात विरघळतात. लाल १०० केलं की जांभा उजळतो, झावळी काळपट होते. हिरवा १०० केलं की नेमकं उलटं. दोन्ही एकाच रॉमधून निघतात. लेन्सवर लाल फिल्टर असेल तर दुसरा पर्याय कायमचा गेला.

श्रावणातल्या करड्या आभाळावर मात्र फिल्टर आणि मिक्सर दोन्ही हात टेकतात. निळाच नाही तर गडद काय होणार?

बायर फिल्टरच नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, म्हणजे लायकाच्या मोनोक्रोम मालिकेसाठी किंवा २०२३ च्या पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोमसाठी, काचेचा रंगीत फिल्टर जरूर घ्या. तिथे रंगाची नोंदच होत नाही, त्यामुळे नंतर मिक्सरला धरायला काही उरत नाही. इतरांनी तेच पैसे चांगल्या पोलरायझरवर, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या फिल्टरवर, घालावेत. पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी एकदा नोंदली गेली की तिच्याखालचा तपशील कोणत्याही चॅनेलमधून परत काढता येत नाही.