जोडीची व्याख्या अर्ध्या मिनिटात उरकू नका

अल्जिब्राइक टोपॉलॉजीच्या (आकारांचा बीजगणिताने अभ्यास करणाऱ्या गणितशाखेच्या) वर्गात ‘पेअर’ची, म्हणजे जोडीची, व्याख्या फळ्यावर जेमतेम अर्धं मिनिट टिकते. क्ष ही टोपॉलॉजिकल स्पेस (सातत्याला अर्थ देता येईल असा बिंदूंचा संच), अ हा तिचा उपसंच, (क्ष, अ) ही जोडी. झालं, चला रिलेटिव्ह होमॉलॉजीकडे! (होमॉलॉजी म्हणजे आकारातली भोकं ग्रुप नावाच्या बीजगणिती रचनांनी मोजण्याची रीत; रिलेटिव्ह म्हणजे अ मधलं काही न मोजता.) मुलं मग परीक्षेपर्यंत तो कंस नुसता वागवत राहतात. माझं ठाम मत आहे, इथे अख्खा एक तास द्यायला हवा.

व्याख्येचा सगळा जीव मॅपच्या अटीत आहे. (क्ष, अ) कडून (य, ब) कडे मॅप म्हणजे क्ष वरून य मध्ये जाणारं संतत (न तुटणारं) फलन, पण अ मधला प्रत्येक बिंदू ब मध्येच पडला पाहिजे. होमोटॉपी, म्हणजे एका मॅपचं दुसऱ्यात सलग रूपांतर, करताना तर ही अट मधल्या प्रत्येक क्षणी पाळावी लागते.

एक भरीव चकती घ्या. एकटी असेल तर ती आकसत आकसत एका बिंदूत मिटते. आता (चकती, परिघ) अशी जोडी करा. परिघावरच्या बिंदूंनी परिघावरच राहायचं म्हटल्यावर तिचं आकसणं थांबतं, आणि दुसऱ्या (द्विमितीय) होमॉलॉजीत पूर्णांकांचा आख्खा ग्रुप उभा राहतो.

पुढचं उदाहरण मला सगळ्यात प्रिय. दुसरी जोडी घ्या: (चकती, केंद्र काढलेली चकती). केंद्र काढलं की उरलेला भाग हळूहळू बाहेर सरकवत परिघावर नेता येतो. म्हणजे जोडीचे दोन तुकडे (क्ष आणि अ) सुटे पाहिले तर दोन्हीकडे होमोटॉपीने सारखेच. मग जोड्याही सारख्या असतील ना? नाहीत! दुसऱ्या जोडीकडून पहिलीकडे कुठलाही मॅप काढून बघा. केंद्र सोडून सगळे बिंदू परिघावर गेलेच पाहिजेत. परिघ बंद संच (आपले सीमाबिंदू स्वतःत ठेवणारा), फलन संतत, त्यामुळे केंद्रालाही निमूटपणे परिघावर जावं लागतं. अख्खी चकती परिघावर आली, आणि असा मॅप होमॉलॉजीत शून्यच देतो. जोड्या सारख्या असत्या तर होमॉलॉजी जपणारा मॅप मिळाला असता; म्हणजे दुसरीकडून पहिलीकडे यायचा रस्ता बंद. तरी दोन्ही जोड्यांची होमॉलॉजी एकच निघते, कारण लाँग एक्झॅक्ट सिक्वेन्स (क्ष, अ आणि जोडी यांच्या होमॉलॉजींना जोडणारी साखळी) आणि फाइव्ह लेमा (अशा दोन साखळ्या आजूबाजूला जुळल्या तर मध्येही जुळतात हे प्रमेय) यांना तुकड्यांची जुळणी पुरते. हे फळ्यावर एकदा घडताना पाहिलेला विद्यार्थी जोडीची व्याख्या विसरणार नाही.

१९४५ साली आयलेनबर्ग आणि स्टीनरॉड या गणितज्ञांनी होमॉलॉजीची स्वयंसिद्धं मांडली तीच मुळी जोड्यांवर. एकटी स्पेस हवी असेल तर अ रिकामा घ्यायचा. एक्सिजन (त्यातलं कापून टाकण्याचं स्वयंसिद्ध) तर जोडीशिवाय मांडताच येत नाही: अ मधला एक भाग क्ष आणि अ दोन्हींतून कापून टाकला तरी होमॉलॉजी तीच राहते, फक्त त्या भागाचं क्लोजर (सीमाबिंदूंसकट तो भाग) अ च्या इंटिरियरमध्ये (सीमा सोडून आतल्या भागात) बसायला हवं. ही अट मुलांना उगाचची वाटते. त्यांना पुन्हा त्या चकतीकडेच न्या. परिघाला चकतीत इंटिरियरच नाही, त्यामुळे तिथे कापायला जागा नाही. आधी परिघाला आतून थोडी जाडी देऊन त्याचं कडं करायचं, मगच कात्री चालते.