पाणी निघालं म्हणजे हृदय सुटलं, असं नाही

‘हृदयाभोवतीचं पाणी काढलं की पेशंट धोक्याबाहेर. सगळं पाणी एकदमच काढायला सांगा. जेवढं पाणी जास्त तेवढा धोका जास्त. नंतर दम लागला तर नक्की हलगर्जीपणा झालाय.’ हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन पडला. मी आयसीयूत सिस्टर आहे, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे. पाण्याच्या दाबाने हृदय भरेनासं झालं, म्हणजे टॅम्पोनाड झाला, की पाणी काढल्यावाचून गत्यंतर नसतं आणि बहुतेकांना तेवढ्यानेच बरं वाटतं. पण काही थोड्यांचं त्यानंतर काही तासांत, कधी एक-दोन दिवसांनी, उलट बिनसतं. बीपी पडतं, फुप्फुसांत पाणी भरतं. १९८३ पासून वैद्यकीय लेखांत याची नोंद आहे. दाब सुटताच अडून राहिलेलं रक्त उजव्या कप्प्यात धावतं, तो फुगतो, मधला पडदा डावीकडे रेटला जातो आणि डाव्या कप्प्याला तो भार पेलत नाही. शिवाय संकटात शरीराने अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा टेकू दिलेला असतो. दाब जाताच तो टेकू ओसरतो आणि मुळात थकलेलं हृदय उघडं पडतं.

म्हणूनच ‘एकदम काढा’ हा सल्ला घातक आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने २००४ मध्येच सांगितलं होतं की एका वेळी एक लिटरच्या आत, टप्प्याटप्प्याने काढा. नातेवाईक आत आले की आधी कॉटखालच्या ड्रेनच्या बाटलीकडे वाकून बघतात. ‘सिस्टर, एवढंच निघालं?’ त्यांची घालमेल मला कळते. पण नळी मध्ये बंद ठेवली असेल तर ती मुद्दाम ठेवलेली असते.

‘पाणी जास्त तेवढा धोका जास्त’ हेही चूक. हृदयाच्या आवरणात एरवीही १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतोच. जखमेतून भराभर रक्त साठलं तर दीडदोनशे मिलिलिटरही जीव घेऊ शकतं. टीबी, कॅन्सर किंवा थायरॉइडमुळे हळूहळू साठलं तर लिटरभरही आवरण ताणून मावतं. पाणी काढल्यानंतर कोणाला जपायचं, हा हिशेब तर आणखी वेगळा. हृदयाचं पंपिंग आधीच कमी आहे का? कॅन्सर आहे का, छातीला रेडिएशन दिलंय का? पाणी बरेच दिवस साठलेलं होतं का? आपल्याकडे टीबीचा विचार आधी करावा लागतो. त्यात आवरणच जाड, ताठर झालेलं असू शकतं. मग पाणी सगळं निघालं तरी हृदय आवळलेलंच राहतं.

राहिला हलगर्जीपणा. तो कुठे होतच नाही, असं मी म्हणणार नाही. सुई हृदयाला लागू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, आणि सोनोग्राफी बघत सुई घातली तर हा धोका कमी होतो. पण वर सांगितलेली गुंतागुंत सगळं नीट केलं तरी होते.

पाणी काढण्याआधी डॉक्टरांना विचारा: इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग किती आलं? पाणी कशामुळे झालं? पुन्हा इको कधी? आणि रात्री पेशंट म्हणाला, ‘आडवं झालं की गुदमरतंय,’ किंवा हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. बेल दाबा. आम्ही त्यासाठीच जागे असतो.