‘नट संवाद विसरला’ असं लिहिणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

१४ तारखेच्या आमच्या जळगावच्या प्रयोगाबद्दल तुम्ही ऑनलाइन लिहिलेला अभिप्राय वाचला. एक तारा दिलात. नाटक उशिरा सुरू झालं, पंखे-खुर्च्या धड नव्हत्या, तिकीट महाग होतं, वर टॅक्स लावून लुटतात, विषय आपल्या खान्देशातला नाही, हॉलमधल्या आमच्या मदतनीस मुलीने फोन आत ठेवायला सांगून तुमचा अपमान केला, आणि दुसऱ्या अंकात ‘मुख्य नट संवाद विसरला, वीस मिनिटं स्टेजवर नुसता बसून राहिला, कोणालाच काही सुचेना’. घरची चार माणसं घेऊन तुम्ही आलात आणि नाराज होऊन गेलात, याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमची संध्याकाळ वाया गेली असं तुम्हाला वाटलं, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

उशीर आमचाच. वेळ साडेआठची दिली होती, तिसरी घंटा आठ छप्पनला झाली. लाइट कमी-जास्त करणारा एक डिमर ऐनवेळी बंद पडला, दुसरा येईपर्यंत थांबावं लागलं. तुम्हीच लिहिलंय की पार्किंग शोधता शोधता तुम्हाला पावणेनऊ वाजले, पण ते असू द्या. जे साडेआठला खुर्चीत बसले होते त्यांची मी त्याच रात्री पडद्यापुढे येऊन माफी मागितली आहे.

तिकीट २५० रुपये होतं आणि तुमच्याकडून २५०च घेतले. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागतच नाही, तेव्हा वर टॅक्स लावायचा प्रश्नच येत नाही. त्या रात्री २१४ तिकिटं गेली, म्हणजे ५३,५०० रुपये. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, लाइट-साउंड, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात, नऊ जणांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, आणि रात्रीचं जेवण. यापेक्षा जास्त हिशोब इथे मांडत नाही.

आता त्या ‘वीस मिनिटां’बद्दल. ताई, तो संवाद विसरला नव्हता. तिथे संवादच नाही.

नाटक तुम्ही पाहिलंत, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा नायक ६७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात हिंजवडीला. २०२०च्या लॉकडाउनमध्ये शेजारच्या पोराने त्याला मोबाइलवरच्या एका भजनाच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथे धुळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचेही यजमान गेलेले. आधी रोज सकाळी फुलांचे फोटो, ‘शुभ सकाळ’. मग एके दिवशी फोटोऐवजी नुसता प्रश्न येतो, ‘आज जेवलात का?’ सहा वर्षांत त्याला हे कोणी विचारलेलं नसतं. दोन वर्षं दोघं बोलतात. जळगाव ते धुळे एसटीने अडीच तासांचा रस्ता, पण भेटलेले नाहीत, कारण दोघांच्याही मुलांना काही माहीत नाही.

दुसऱ्या अंकात बाई लिहितात, ‘रविवारी येऊ का? घरी सांगून येईन.’ तो ‘या’ लिहितो आणि पुसतो. ‘लोक काय म्हणतील’ लिहितो, तेही पुसतो. शेवटी ‘या’ एवढंच पाठवतो. एक टिक, दोन टिक, मग दोन्ही निळ्या. बाईंनी वाचलं. वर ‘टायपिंग’ दिसतं, आणि मग तेही जातं. बाई ऑनलाइन असतात, मग त्याही दिसेनाशा होतात. तो बसून राहतो.

ती शांतता ३ मिनिटं ४० सेकंदांची आहे. हा आकडा अंदाजाने सांगत नाही, कुठला लाइट कधी बदलायचा त्या आमच्या लाइटवाल्याच्या कागदावर, क्यू-शीटवर, लिहिलेला आहे. स्वयंपाकघरातून येणारा उजेड ४० सेकंदांनी कमी होतो, दीड मिनिटाला दारातला जातो, पावणेतीन मिनिटांना खिडकीतला जातो. शेवटी नटाच्या तोंडावर फक्त त्याच्या मोबाइलचा उजेड राहतो. नट विसरला असता तर लाइट त्याच्यासोबत इतके वेळेवर कसे गेले असते? आणि आमच्या विंगेत प्रॉम्प्टर बसतो. शब्द अडकला तर दोन सेकंदांत मिळतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जी संहिता मंजुरीला पाठवली होती, तिच्या पान ४१ वरही हेच आहे: ‘शांतता. फोन वाजत नाही. तो बघत राहतो.’ कोणाला बघायचं असेल तर ते पान मी दाखवतो.

मोबाइलवर काय चाललंय ते मागे पडद्यावर मोठं करून दाखवा, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, खर्चासाठी थांबलो नाही. तालमीत लावूनही पाहिला. सगळे पडद्यावरची अक्षरं वाचत बसले आणि माणसाकडे कोणी बघेना, म्हणून काढला. त्याऐवजी फोन ठेवायला स्टीलचा पालथा डबा घेतला. व्हायब्रेट झाला की डबा खडखडतो, आणि हॉल शांत असेल तर तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पावणेचार मिनिटं हॉलमधली सगळी माणसं त्या एका खडखडाटाची वाट बघतात. विंगेतला मुलगा बरोबर वेळेवर फोन लावतो. एवढ्यासाठी आम्ही दोन महिने तालीम केली आहे.

१४ तारखेला दोन मिनिटं झाली असतील, तिसऱ्या रांगेत एका फोनचा उजेड लागला आणि त्यावर कुठलंतरी गाणं वाजलं. आजूबाजूच्या पाच-सहा रांगांनी माना वळवल्या. आमची मुलगी वाकून, हळू आवाजात म्हणाली, ‘ताई, फोन आत ठेवता का?’ तिने एवढेच शब्द वापरले, असं बाजूला बसलेल्या दोघांनी मला सांगितलं. ती कॉलेजला आहे, प्रयोगाच्या रात्री आम्हाला मदत करते. तुम्हाला चारचौघांत बोलल्यासारखं वाटलं असेल, तर तिच्या वतीने मी क्षमा मागतो. पण ती उद्धट नाही हो. त्या गाण्याने ती शांतता मोडली आणि पुन्हा जुळली नाही. शेवटी डबा खडखडला तोपर्यंत लोक आपापसांत बोलायला लागले होते. तुम्हाला ते वीस मिनिटांसारखं वाटलं ते कदाचित त्यामुळेच असेल.

आणि हा विषय आपल्याकडचा नाही, आपल्याकडे संध्याकाळी ओटे भरलेले असतात, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. ताई, माझं लहानपण ओट्यावरच गेलं. आता आमच्या गल्लीतल्या किती घरांत दोन म्हातारी माणसं राहतात, आणि किती घरांत एकच, ते मी दारं मोजून सांगू शकतो. दिवाळी झाली की महाराष्ट्र एक्स्प्रेसला जळगाव स्टेशनवर जाऊन बघा. पोरं डब्यात, आई-बाप फलाटावर, हातात फराळाची रिकामी पिशवी. गाडी हलली की पहिला फोन गाडीतून येत नाही, फलाटावरून जातो. ब्रिटनमध्ये २०१८ साली सरकारने एकटेपणासाठी मंत्री नेमला, तेव्हा आपल्याकडे लोक हसले होते. मी नव्हतो हसलो.

पारोळ्याच्या प्रयोगानंतर एक आजी नातीचा हात धरून विंगेत आल्या. त्यांनी आमच्या नटाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘मना पोऱ्या बी असाच शे.’ त्यापुढे बोलल्या नाहीत. त्यांना नायकात स्वतः दिसायला हवं होतं असं मला वाटत होतं, पण त्यांना त्यात मुलगा दिसला. तो सुरतेला एकटाच राहतो, असं नातीने मागाहून सांगितलं. तेव्हा हा विषय इथला नाही हे मला पटत नाही. मला राग आला म्हणून नाही, आम्ही गावोगाव फिरून हे बघतो म्हणून सांगतो.

तुमच्या लिखाणानंतर चोपड्याच्या एका मंडळाची सुपारी, म्हणजे प्रयोगाचं बुकिंग, लांबली. बोलणी झाली होती, फक्त अ‍ॅडव्हान्स यायचा होता. त्यांच्या सेक्रेटरींनी मला फोनवर विचारलं, ‘तुमचे कलाकार संवाद विसरतात म्हणे?’ मी समजावलं. ‘बघतो, कळवतो’ म्हणाले. आमचं कुठलं मोठं बॅनर नाही. टीव्हीवरचा चेहरा नाही. नाव काढलं की लोक मोबाइलवर तारे बघतात आणि पहिलं तुमचंच लिहिलेलं दिसतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळं. आमचे मुख्य नट एसटीत कंडक्टर होते. बावीस वर्षं हौशी राज्य नाट्य स्पर्धेत उभे राहिले, ड्यूटी बदलून तालमीला आले. रात्री यावल डेपोची गाडी लावून सकाळी पुन्हा संहिता घेऊन बसलेले मी त्यांना पाहिलं आहे. त्यांचे शब्द कधी इकडचे तिकडे झाले नाहीत. तुमचं लिखाण त्यांना नातवाने वाचून दाखवलं. मला ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी भुसावळला प्रयोग होता. दुसरा अंक आला, ‘या’ पाठवलं, आणि एका मिनिटात हे खुर्चीवरून उठले. खिडकीचा उजेड तसाच होता. विंगेतल्या पोराच्या हातात फोनसुद्धा नव्हता, त्याचा हात बटाटेवड्याच्या प्लेटमध्ये. डबा खडखडलाच नाही. नायक उठून फोनकडे गेला आणि न आलेला मेसेज वाचल्यासारखं करून पुढचं वाक्य बोलला. परत येताना टेम्पोत मी विचारलं, भाऊ, काय झालं? तर म्हणाले, ‘लोकांना वाटतं मी विसरलो. मग बसून कशाला राहायचं?’

सुधारणांबद्दल विचाराल तर डिमरचं बघतो आहे, दुसरा सोबत ठेवायचा विचार आहे. फोनबद्दलची सूचना सुरुवातीला जरा नीट, गोड शब्दांत देऊ. पंखे आणि खुर्च्या नाट्यगृहाच्या, तरी त्यांच्याशी बोलून बघतो. वेळेचंही पुढे सांभाळू.

एक विनंती आहे. तारा एकच राहू द्या. उशीर झाला ते राहू द्या, तिकीट महाग वाटलं तेही राहू द्या, मला चालेल. फक्त ‘संवाद विसरला’ ही एक ओळ काढता आली तर काढा. आमचे नट रोज रात्री नातवाला विचारतात, ताईंनी पुढे काही लिहिलं का. तो फोन बघून ‘नाही’ म्हणतो.

येत्या शनिवारी अमळनेरला प्रयोग आहे, रात्री साडेआठ. तुमच्या नावाने चार तिकिटं खिडकीवर काढून ठेवतो, पैसे द्यायचे नाहीत. भुसावळनंतर दोनदा तालीम घेतली. परवाच्या तालमीत ते पूर्ण ३ मिनिटं ४० सेकंद बसले.

आपला,
निर्माता