धबधबा बघायचा दिवस वेगळा, पोहायचा दिवस वेगळा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर काल तासभर एकच विषय चालला होता, येत्या रविवारची त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्याची सहल. बंटी सगळं ठरवूनच आला होता. अकरा माणसं, त्यात तीन लहान पोरं, दोन गाड्या. सकाळी दहाला निघायचं, त्र्यंबकला जेवायचं, दुपारी दोनला धबधब्याखाली डुंबायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. श्रावण आहे, पाणी भरपूर आहे.

मास्तर जलतरण तलावावर पोहायला शिकवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंटी, वेळ उलटी धरलीस आणि महिनाही चुकला."

"मास्तर, दर रविवारी शेकड्याने लोक जातात तिथे!"

"जातात. बघायला मीही येतो. पण डोहात कुणी उतरणार असेल तर माझं नाव काढून टाक."

त्याआधीच राजाभाऊंनी तारखेवर बोट ठेवलं. हा रविवार तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवसाचा. ब्रह्मगिरीच्या फेरीची माणसं त्याच दिवशी त्र्यंबकला उतरतात आणि खासगी गाड्या गावाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात. जव्हार रस्त्याला लागायचं तर त्र्यंबक ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे तारीख तिथल्या तिथे बारगळली. महिन्याचा वाद मात्र पेटला.

बंटीचं म्हणणं होतं की इथे नुसती भुरभुर असेल तर तिकडे काय मोठं होणार? शुभाताई पावसाळ्यात सह्याद्रीत गट घेऊन जातात. त्यांनी हाच मुद्दा धरला. "नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इगतपुरीला तीन हजारांच्या वर. कॉलेज रोडच्या आभाळावरून घाटमाथ्याचा अंदाज बांधायचाच नाही. खाली काळा पाषाण, वर सरळ उतार. पाणी मुरायला जागा नाही, सगळं धावत ओढ्यात येतं. आपण उभे तिथे ऊन असतं, पाऊस वर डोंगरात पडतो, आणि काही मिनिटांत गुडघ्याचं पाणी कमरेला लागतं."

दुगारवाडीचा धोका नेमका इथेच आहे. गाडी वर राहते, धबधबा खाली दरीत आणि मधे पाणी ओलांडायला लागतं. जाताना घोट्याएवढं वाटलेलं पाणी वाढलं की परतीची वाट संपते. 2022 च्या ऑगस्टमध्ये असंच झालं होतं. वीसहून जास्त पर्यटक पलीकडे अडकले, त्यांना रात्री बाहेर काढावं लागलं आणि एक जण वाहून गेला. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तीही पाणी अचानक वाढल्यामुळेच.

"आम्ही हात धरून साखळी करू," बंटी म्हणाला.

"साखळीतला एक घसरला की दुसरा ओढला जातो," शुभाताई म्हणाल्या. "वेगाचं पाणी 15 सेंटीमीटर असलं तरी उभा माणूस पाडतं. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, दुप्पट नाही." राजाभाऊंनी गाडीची भर घातली. फरशी पुलावर 30 सेंटीमीटर पाणी असलं की छोटी गाडी तरंगायला लागते, म्हणून पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबायचं आणि गाडी लावताना तोंड नाशिककडे ठेवायचं.

मग मास्तरांनी डोहाचं सांगितलं. माझ्या मते कालच्या चर्चेतला हाच सगळ्यात कामाचा भाग होता. भर पावसात चांगला पोहणाराही धबधब्याखाली का बुडतो? धार जिथे पडते तिथलं पांढरं पाणी हवेने भरलेलं असतं. माणूस तरंगतो तो पाण्याच्या वजनामुळे. पाणीच हलकं झालं की शरीर खाली बसतं आणि हात मारला तरी पकड मिळत नाही. शिवाय धार खाली घुसताना आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते, म्हणजे बाहेर यायला निघालेला माणूस पुन्हा धारेखाली जातो. आणि वरून नुसतं पाणी येत नाही. सुटलेले दगड आणि लाकडाचे ओंडकेही येतात. डोक्यावर धार घेऊन फोटो काढणाऱ्याला ते दिसायचा संबंधच नाही.

बंटीने पर्याय काढले. सोमेश्वरला जाऊ, दहा किलोमीटरच्या आत आहे. त्यावर मास्तर म्हणाले, "सोमेश्वर गंगापूर धरणाच्या खाली आहे. तिथलं पाणी पावसावर कमी आणि विसर्गावर जास्त चालतं. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. 1,000 क्युसेक सोडले की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर रिकामे होतात. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं त्यावरून पूर मोजायची आपल्याला सवय आहे, पण सोमेश्वरच्या खडकावर बसलेल्याला ते पाणी आधी गाठतं." मग धरणाचं बॅकवॉटर? तेही नको. काठाला चिखल, दोन पावलांवर एकदम खोली, बुडालेली झाडं. आणि गंगापूरचं पाणी तर आपण पितो.

"मग पोहायचं कधी? उन्हाळ्यात तलावातच?" बंटी खरंच चिडला होता.

यावर मास्तर आणि शुभाताईंचं एकमत होतं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा लांबून बघायचा. पोहण्यासाठी सप्टेंबरअखेर ते दिवाळी. तेव्हा धार बारीक होते, गढूळपणा जातो, तळ दिसायला लागतो. पण ऑक्टोबरचीही एक खोड आहे. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो, तोही एखाद्याच डोंगरावर. म्हणून सकाळी साडेसहाला निघायचं, आठ-साडेआठला पाण्याजवळ, बाराला सगळे पाण्याबाहेर आणि एकपर्यंत गाडीत. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना हवामान खात्याचा इशारा बघायचा, विजांसाठी 'दामिनी' ॲप. पाऊस चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की खातं त्याला मुसळधार म्हणतं, 204.4 च्या पुढे गेला की अतिमुसळधारच्याही वरचा. नाशिक घाटमाथ्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द, मग डबे भरलेले असले तरी. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे का तेही आदल्या दिवशीच बघून घ्यायचं.

जागा निवडायची कशी? धबधब्याचा मुख्य डोह सोडून द्यायचा. ओढ्याने खाली चालत जायचं, जिथे पात्र रुंद होऊन पाणी संथ पसरतं आणि काठावर चढायला निदान दोन ठिकाणी वाट असते असा डोह शोधायचा. त्याच्या लगेच खाली दुसरा धबधबा असेल तर तो डोह बाद. गावातल्या माणसाला विचारायचं, "इथे कोणी बुडालंय का?" असं नेमकं विचारायचं. नुसतं "पोहता येतं का" विचारलं की कुणीही हो म्हणतं.

खोली डोळ्यांनी मोजायची नाही. स्वच्छ पाण्यात तळ पाऊणच दिसतो, म्हणजे 3 मीटर वाटलं तर ते 4 असतं. दोरीला दगड बांधायचा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारायची आणि चार-पाच ठिकाणी सोडून बघायची. पोरांसाठी त्यांच्या छातीएवढं पाणी ही हद्द. वरून उडी मारायचा विषय बंटीने काढलाच. त्यावर मास्तरांनी हिशोब मांडला. 3 मीटरवरून उडी मारली की पाण्याला भिडताना वेग ताशी 28 किलोमीटर, 10 मीटरवरून ताशी 50. पाण्याखाली एक दगड आडवा असला तर मान मोडते. जव्हारजवळच्या दाभोशाला 2024 च्या मेमध्ये उंचावरून उडी मारणाऱ्या दोघांतला एक गेला, आणि तो तर पाणी शांत असायचा महिना.

सामानावरून पुन्हा जुंपली. राजाभाऊ म्हणाले, पोरांना हवेचे ट्यूब पुरेत. मास्तरांनी साफ नाही म्हटलं. ट्यूब प्रवाहात सरकते, पोर मधून खाली निसटतं आणि ट्यूब तरंगत राहते. लाइफ जॅकेटच हवं, आणि तेही अंगाला बसणारं. पट्टे आवळून जॅकेट खांद्याला धरून वर उचलायचं. ते कानापर्यंत वर सरकलं तर मोठं आहे. लहान पोरांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा पाहिजेच. जीन्स, साडी, ओढणी घालून पाण्यात जायचं नाही, ओलं कापड जड होतं आणि पायात अडकतं. पायात रबरी तळाचे पट्टे असलेले सँडल. साधी चप्पल पहिल्याच शेवाळावर निघून जाते.

दोर 20 मीटर, बोटाएवढा जाड, तरंगणारा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रोपिलीन तरंगतं. दुकानात विचारूनच घ्यायचं आणि घरी बादलीत टाकून बघायचं. दोराच्या टोकाला तेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट. एवढी हवा 5 किलोची उचल देते. माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला तेवढी पुरते. आत थोडं पाणी ठेवलं की कॅन लांब फेकता येतो. बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्यापर्यंत आणायचा. पोहत कुणी जायचं नाही. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो, म्हणून एकाच्या जागी दोन जातात.

बाहेर काढल्यावर काय करायचं यावर राजाभाऊ म्हणाले, "पोटावर दाबून पाणी काढायचं, नाहीतर उलटं धरायचं." ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे आणि ती माणूस मारते. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनळीत शिरतं. माणूस श्वास घेत नसेल तर पाठीवर झोपवायचं, डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्यायचे. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून सुरुवात श्वासापासून. मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, हेच पुन्हा पुन्हा. मोठ्या माणसाला दाब 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. दुसऱ्याने 108 किंवा 112 लावायचा. दरीत रेंज नसते, त्यामुळे रेंज शेवटची कुठे होती ते उतरताना बघून ठेवायचं आणि फोन करायला एकाला तिथे पळवायचं. शुद्धीवर आला तरी दवाखाना चुकवायचा नाही, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

बंटी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, ऑक्टोबर. पण निघायच्या आधी मिसळ."

"मिसळ परतताना," मास्तर म्हणाले. "जाताना पोहे आणि केळी. आणि ज्याने दारू घेतलीय तो पाण्यात नाही, त्याच्यावर वाद नको."

शेवटी पहाऱ्याचं ठरलं. आठ मोठ्यांपैकी दोघे कायम कोरडे, अर्ध्या तासाने बदली, हातात फोन नाही, दोर पायाशी. बुडणारा ओरडत नाही, तोंड पाण्यालगत वरखाली होतं आणि मिनिटाच्या आत खेळ संपतो, त्यामुळे आवाजाची वाट बघायची नाही, डोकी मोजत राहायची. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा. तो बुडाला, पाणी लालसर झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा ओढ्याचा आवाज वाढला, यातलं एक जरी झालं तरी शिट्टी. शिट्टी वाजली की कपडे, डबे, चपला जिथे आहेत तिथे सोडून सगळ्यांनी गाडीच्या बाजूच्या काठावर यायचं.

पहिला पहारा बंटीने मागून घेतला. दुसऱ्या नावावर राजाभाऊ आणि शुभाताईंचं अजून जमलेलं नाही. राजाभाऊंना पोहता येत नाही म्हणून तेच बसतील असं ते म्हणतात. शुभाताईंचं म्हणणं असं की दोर नेमका फेकता येणारा माणूस बसला पाहिजे. म्हणून पुढच्या रविवारी गोदापार्कला कॅन बांधून 10 मीटरवरच्या खुणेवर प्रत्येकाने पाच-पाच वेळा फेकायचा, आणि ज्याचे जास्त लागतील तो दुसरा.