30 सप्टेंबरनंतर कोण मोजते?

भांडण लागलं ते फुलांवरून.

22 जून 2025, रविवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. उरलेल्या महाराष्ट्राची शाळा 16 लाच भरली, पण आमच्या विदर्भाला उन्हामुळं आठवडाभर उशीर, आणि तो पहिला आठवडाही सकाळचा, 7 ते 11.45. विद्यालयाचे सर माझ्या दुकानात नवागतांच्या यादीच्या झेरॉक्स काढायला आले आणि सहज बोलून गेले, की प्रवेशोत्सवाला गुलाबाची फुलं लागतात, उद्या पहाटे तालुक्यावरून कोणी आणील का.

बाहेर कट्टा भरलेला होता. कट्टा म्हणजे नालीवर टाकलेल्या दोन मोठ्या फरश्या. एका अंगाला पानठेला, दुसऱ्या अंगाला माझं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान, समोर एसटीचा थांबा. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं इथंच उतरतात.

"मी आणतो ना सर," बंड्या ऑटोवाला म्हणाला. "किती आणू?"

"पाचवीचे आहेत पंचवीस-तीस. तेवढे आण."

"आन नववीच्याले?"

"नववीचे कुठं नवागत आहेत बाप्पा? ते तर आपलेच."

"आपले हायेत म्हणूनच इचारून राह्यलो. पाचवीत पोट्टं आणाले तुमी अख्खा मे महिना खेडेपाडे पालथे घातले. नववीत कोण आलं न् कोण नाही, हे पाहाले कोणाच्या घरी गेले काय?"

सरांचा चेहरा उतरला. पण बंड्या खोटं बोलत नव्हता. मे महिन्यात सरांना मोटारसायकलवर फिरताना त्यानं पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. चाळीस-बेचाळीस डिग्रीत डोक्याला दुपट्टा बांधून, हातात प्रवेश अर्ज, खिशात पॅड. चौथी पास झालेल्या पोराच्या आईबापाला सांगायचं, आमच्याकडं द्या, सायकल देतो, दप्तर देतो, ऑटोचं भाडं आम्ही भरतो. हे भाडं शिक्षकांच्या वर्गणीतून जातं. बंड्याला त्यातलेच पैसे मिळतात, म्हणून तर तो एवढं बोलू शकला. दुसरा कोणी बोलला असता तर सर उठून गेले असते.

"तुले काय वाटते, मले हौस हाये?" सर भडकले की शुद्ध भाषा सोडतात. "15 मार्च 2024 चा जीआर वाचला काय कोणी? सहावी ते आठवीत वीसच्या आत पट आला की तिथं शिक्षकच मंजूर नाही. आज मी हाये, उद्या अतिरिक्त. मंग समायोजन. कुठं फेकतीन, पत्ता नाही. बायको इथं, म्हातारी इथं. पट नाही त आमी नाही!"

कृषी केंद्रवाले शेठ म्हणाले, "मग शिकवा ना चांगलं. पोरं आपसूक येतीन." शेठचा स्वतःचा मुलगा रोज व्हॅननं तालुक्याच्या कॉन्व्हेंटात जातो. या विषयावर आमचं दर जूनला भांडण होतं आणि दर जूनला तिथंच संपतं, त्यामुळं यंदा कोणी फार ताणलं नाही. व्हॅनला पैसे असलेला पोरगं व्हॅननं पाठवतो. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न आहे, आणि तो शेठला विचारून उपयोग नाही.

काकाजी एवढा वेळ गप्प होते. चार एकरांचे कास्तकार, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि सोयाबीन, मधात तुरीची ओळ. त्यांची धाकटी पोरगी यंदा नववीत. ते दुकानात आले होते नववीच्या जुन्या पुस्तकांचा सेट पाहायला.

"आठवीपर्यंत मले काहीच कळलं नाही," काकाजी म्हणाले. "पयल्या दिवशी पोरगी शाळेत जाये, न् हातभर पुस्तकं घेऊन घरी ये. आता सर म्हणते, नववीले इकत घ्या."

"कायद्यातच तसं आहे," आमचा बी.एड. पोट्टा बोलला. हा तेव्हा नुकताच शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा देऊन आला होता आणि भरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसला होता. कलमं त्याला तोंडपाठ. "2009 चा शिक्षण हक्क कायदा. सहा ते चौदा वर्षं, पहिली ते आठवी. मोफत पुस्तकं तिथपर्यंत, शाळेचा पोषण आहार तिथपर्यंत. नववीला फी नाही, पण बाकी सगळं आपलं."

हे कागदावर वाचलं तर एवढं काही वाटत नाही. विद्यालयात मधल्या सुट्टीत जाऊन पाहावं. एकाच अंगणात पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसतात. खिचडी वाढली जाते. गेल्या वर्षीपर्यंत त्याच ओळीत बसणारं पोरगं यंदा नववीत गेलं की कडुनिंबाखाली उभं राहतं. डबा आणला असेल तर खातं, नसेल तर नळावर पाणी पिऊन येतं. स्वयंपाकी मावशी हाकलत नाही. उरलं तर वाढतेही. पण हिशोबात त्याचं ताट नाही, आणि चौदा वर्षांच्या पोराला ते न सांगता समजतं.

आणि नेमकं कधी? जूनच्या चौथ्या आठवड्यात. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आला म्हणता म्हणता आपल्याकडं येऊन अडला. मृग कोरडा गेल्यासारखाच गेला, मग आर्द्रात सगळ्यांची एकदम धांदल. कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटाला तेव्हा 901 रुपये, वर खत, वर ट्रॅक्टरची पाळी. त्याच आठवड्यात पुस्तकांचा सेट, वह्या, कंपास, नवी चप्पल. माझ्या दुकानासमोर शेठचं कृषी केंद्र आहे. एकच माणूस तिकडून पिशवी घेऊन निघतो आणि माझ्या दारात थांबून आधी खिसा चाचपतो. तो पहिल्यांदा माझ्याकडं कधीच येत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. पेरणीची वेळ चुकली तर वर्ष गेलं. वही पंधरा दिवसांनी घेतली तरी शाळा चालूच असते.

"पण पोरी येतात ना शाळेत," सर म्हणाले. "एसटीचा पास मुलींना फुकट. मानव विकास योजनेची निळी गाडी आहे. आठवीपासून वरच्या गरजू मुलींना सायकल मिळते. एवढं सगळं असून..."

"गाडी येते सर," बंड्या म्हणाला, "पण शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी तिचं टाइमटेबल बसते. न् नाल्याले पूर आला की ते वापस पलटते."

"मुद्दा तो नाही," मी आतूनच म्हणालो. झेरॉक्स मशीनच्या आवाजावर बोलायचं तर ओरडावंच लागतं. "सर, तुमचा पट कोणत्या तारखेचा धरतात?"

"30 सप्टेंबर."

"आणि कापसाची वेचणी कधी लागते?"

सर काही बोलले नाहीत. काकाजी हसले.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी त्या दिवशी जरा जोरात बोललो. जून ते सप्टेंबर ही नववीची पोरं सगळ्यांना हवी असतात. आधार जुळवा, नाव दुरुस्त करा, जन्मतारीख एक करा. माझ्याकडं रोज कोणीतरी उभा असतो: आधारवर पोरीच्या नावात दीर्घ ऊकार, दाखल्यावर ऱ्हस्व, बापाचं नाव एकीकडं घरातलं, दुसरीकडं शाळेतलं. तेवढ्यानं ती पोरगी शासनाच्या पोर्टलवर पटात मोजली जात नाही, आणि सरांची झोप उडते. मग सर स्वतः बापाला गाडीवर बसवून तालुक्याच्या आधार केंद्रावर नेतात. 30 सप्टेंबर उलटला, की त्या पोरीसाठी कोणी गाडीला किक मारत नाही. आणि ती गळते ती नेमकी त्यानंतर. दसरा झाला, बायांनी वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा केली, कापूस फुटला, मजूर मिळेना. मग नववीची पोरगी दोन दिवस वेचाले जाते, मग आठवडा, मग दिवाळीच्या सुट्ट्या येतात. सुट्ट्यांनंतर ती आली नाही, तर हजेरीपटावर तिचं नाव असतंच. तिच्यापुढं नुसते 'गै', म्हणजे गैरहजर, लिहीत जायचं.

"आमी काय करावं मंग?" सर म्हणाले. "मागच्या नोव्हेंबरात मी गेलो होतो एकीच्या घरी. माय वावरात, बाप वावरात, पोरगीही वावरात. धुऱ्यावर, बांधावर उभा राहून बोललो. बाप म्हणे, सर, वेचणीचे भाव किलोमागं काय झाले माहीत आहे काय? तुमी माणूस आणून द्या, मी पोरगी आणून देतो. सांगा, काय बोलू मी त्याले?"

"कायदा दाखवायचा," बी.एड. पोट्टा म्हणाला.

"कोणता?"

तो अडला. आणि मग त्यानंच जे सांगितलं ते मी आधी एकत्र लावून पाहिलं नव्हतं. शिक्षण हक्क चौदाला संपतो. बालमजुरीचा 1986 चा कायदा 2016 ला बदलला, त्यात चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायची बंदी आहे, फक्त शाळा सांभाळून घरच्या कामात मदत चालते. चौदाच्या वर मात्र धोक्याचं काम सोडून बाकी कामाला मनाई नाही. म्हणजे एकाच वाढदिवसाला शाळेचा हक्क संपतो आणि वावराची मुभा मिळते. "चौदापर्यंत पोरगी शाळेत नसली तर शासनाची चूक," तो म्हणाला, "पंधराव्या वर्षी नसली तर घरच्यांचा प्रश्न."

"न् सोळाव्या वर्षी पाहुणे येते," बंड्या म्हणाला. यावर कोणी काही जोडलं नाही. सगळ्यांनी तशी लग्नं जेवलेली आहेत.

शेठला मात्र हे पटेना. शिकून तरी काय होते, म्हणाले, आणि बी.एड. पोट्ट्याकडं बोट दाखवलं. हा त्यांचा हुकमी पत्ता. पोट्ट्यानं नेहमीप्रमाणे मान खाली घातली नाही. तो म्हणाला, "शेठ, मी दहावी झालो नसतो तर तुमच्या दुकानात पोते उचलत असतो. आता निदान नाही म्हणू शकतो." त्यावर पानठेलेवाल्यानंसुद्धा टाळी दिली.

मी काकाजींसाठी सेट काढत होतो. जुन्या पुस्तकांचा व्यवहार मी कित्येक वर्षं करतो. पास झालेल्या पोराकडून घ्यायचा, कव्हर नवं चढवायचं, अर्ध्या भावात द्यायचा. कुमारभारती, लोकभारती, इंग्रजी, इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित भाग 1. मागच्या मालकानं विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या तीन धड्यांत पेन्सिलीनं उत्तरांवर खुणा केल्या होत्या. पुढं सगळं कोरं. पानं एकमेकांना चिकटलेली. तसे सेट माझ्याकडं बरेच येतात. कोणता सेट कोणत्या महिन्यापर्यंत शाळेत गेला, हे मी पानं चाळून सांगू शकतो.

"सर," बंड्यानं पुन्हा काडी टाकली, "तुमच्या साहेबाले सांगा, पट 30 सप्टेंबरच्या जागी 15 डिसेंबरले मोजा. मंग पाहा कसे जाता सगळे धुऱ्याधुऱ्यानं."

"डिसेंबरात वेचणीच असते," काकाजी म्हणाले.

"बरं, जानेवारी."

"जानेवारीत तूर सोंगा लागते."

"फेब्रुवारी?"

"हरभरा."

"मंग एप्रिल! सीबीएसईसारखी 1 एप्रिलपासून शाळा करायचं चाललंच होतं ना."

आता सर आणि शेठ पहिल्यांदाच एका बाजूला आले. 2025 लाच पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ओढल्या होत्या, तेव्हा टिनाच्या वर्गात पोरांचे काय हाल झाले, हे दोघं एकाच वेळी सांगायला लागले. यवतमाळ-अकोल्याचा एप्रिल मुंबईत बसून कळत नाही, यावर कट्ट्याचं एकमत झालं. असं एकमत आमच्याकडं फक्त मुंबईविरुद्धच होतं.

"तारीख कोणतीही ठेवा," सर शेवटी म्हणाले, "मोजणाऱ्यानं दोनदा मोजलं तरी पुरे. एकदा आमच्या नोकरीसाठी, एकदा पोरांसाठी." मग जरा थांबून, "पण दुसऱ्यांदा मोजून पट कमी निघाला तर कापतीन आमचीच मान. म्हणून मी तरी काहून बोलू?"

हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, हे मला आवडलं. दुसरा असता तर शासनावर ढकलून मोकळा झाला असता.

"काकाजी, तुमची पोरगी?" मी विचारलं. "दिवाळीनंतर?"

"वेचाले माणूस भेटला त पाठवीन."

"नाही भेटला त?"

"अबे, आधी पऱ्हाटी उगवू त दे!" काकाजी उखडले. "वावरात टोबून चार दिस झाले नाही, न् तुमी मले दिवाळीचं इचारता. सेट बांध तू. पैसे सोयाबीन निघाल्यावर."

मी वहीत त्यांच्या नावावर लिहिलं आणि सुतळी घेतली. गणित भाग 2 तेवढा त्यांना नवाच घ्यावा लागेल. जुन्याची मधली पानं उंदरानं खाल्ली होती. काकाजी म्हणाले, त्याचेही अर्धेच पैसे लाव. त्यावर आमची अर्धा तास घासाघीस चालली. सर तेवढ्यात यादी घेऊन निघून गेले, आणि फुलं किती आणायची हे बंड्यानं पुन्हा विचारलंच नाही.