हजारदा पुसता येते म्हणजे जन्मभर टिकते असं नव्हे

जत्रेतली नाटकं, चवथीच्या घुमट आरत्या, देवळातली भजनं अशा जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवायचं आमच्या मंडळाने मनावर घेतलं, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर तो संदेश पुन्हा फिरू लागला: ‘सगळ्यांत जास्त एक्सचा रायटर घ्या. सगळं आरडब्ल्यू डिस्कवर ठेवा, ती हजार वेळा लिहिता येते, म्हणजे जन्मभर पुरते. यूएसबीचा ड्राइव्ह काय नि आतला काय, सारखेच.’ (रायटर म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, एक्स म्हणजे त्याचा वेग, आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क.) चौघांनी तो मला पाठवला. यावर विसंबून जे जाईल ते परत मिळायचं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आरडब्ल्यूचं. हजार हा आकडा खरा आहे, पण तो पुसून लिहिण्याचा. टिकण्याशी त्याचा संबंध नाही. या डिस्कच्या थरात मिश्रधातू असतो. लेसरने वितळवून झटकन थंड केला की त्याचे कण विस्कटलेले राहतात, बेताने तापवला की पुन्हा स्फटिकासारखे जुळतात. विस्कटलेला आणि जुळलेला भाग प्रकाश वेगवेगळा परतवतात, त्यावरून ड्राइव्ह वाचतो. म्हणजे लिहिलेली खूण मुळातच परत जुळू पाहणारी, आणि उष्णतेत ते लवकर होतं. शिवाय जे पुसता येतं ते चुकून कुणीही पुसतं. आमच्या घरी आजोबांच्या आवाजातली आरती अशाच एका डिस्कवर होती. भाच्याला गेम उतरवायचा होता. डिस्क रिकामी करू का, असं संगणकाने विचारलं आणि पोराने हो म्हटलं. त्याला काय माहीत! आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

म्हणून जपायचं ते एकदाच लिहायच्या ‘आर’ डिस्कवर. तिच्यातला रंगाचा थरही अमर नाही, उन्हात तो फिका पडतो. पण तो कुणाला पुसता येत नाही. आरडब्ल्यू ठेवा ने-आण करायला, संपादनाचा कच्चा मसुदा मित्राला दाखवायला. ड्राइव्ह घेताना एम-डिस्क लिहिता येते का तेही विचारा. तिचा थर सेंद्रिय रंगाचा नसतो, त्यामुळे ऊन आणि दमट हवा ती जास्त सोसते.

दमट हवेचा मुद्दा त्या संदेशात नाहीच, आणि गोव्यात तोच मोठा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथे डिस्क कशी सुटेल? सीडीचा चकाकता थर वरच्या लेबलाखाली, पातळ लाखेच्या आड असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये बंद असतो. म्हणजे सीडीला दमट हवा लवकर बाधते, तेव्हा घरातल्या जुन्या सीडी आधी उतरवून घ्या.

एक्सचा आकडा. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. खोक्यावरचा २४ एक्स हा एकदाच लिहायच्या डिस्कचा, तोही कडेच्या भागात गाठला जाणारा. आरडब्ल्यूत वजा चिन्हाच्या (डीव्हीडी-आरडब्ल्यू) डिस्कची ६ आणि अधिक चिन्हाच्या (डीव्हीडी+आरडब्ल्यू) डिस्कची ८ एवढीच मजल. ६ एक्सने ४.७ जीबीची डिस्क साधारण दहा मिनिटांत भरते. त्यासाठी जास्त पैसे कशाला? वजा की अधिक हा वादही सोडा, आजचे रायटर दोन्ही लिहितात.

यूएसबीचा ड्राइव्ह आणि आतला मात्र सारखे नाहीत. यूएसबी २.० चं तोंड ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं. लिहिताना लेसरला आणि मोटरला त्याहून जास्त लागलं की काम अर्ध्यावर अडतं आणि डिस्क वाया जाते. कॅबिनेटला सव्वापाच इंचांचा कप्पा असेल तर साटाचा (मदरबोर्डला थेट जोडायचा) आतला ड्राइव्ह घ्या. नसेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागणारा बाहेरचा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएस असल्याशिवाय डिस्क लिहायला (बर्न करायला) बसू नका.

रात्रभराचा दशावतार डीव्हीडीच्या नेहमीच्या दर्जात उतरवला तर एकीवर सुमारे दोन तास मावतात, म्हणजे तीन-चार डिस्क. २५ जीबीच्या ब्लू-रेवर तो एकसंध राहील. पण सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत लिहायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, तेव्हा ड्राइव्ह घेण्याआधी कोऱ्या डिस्क दुकानात मिळतात का ते पाहा. आमच्या मंडळासाठी मी साटाचा साधा डीव्हीडी रायटर सुचवला आहे. प्रत्येक नाटकाच्या दोन ‘आर’ प्रती, बर्न झाल्यावर पडताळणी, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी.