‘चेक’ आणि ‘शह’ : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘चेक’ या इंग्रजी शब्दावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. तपासणी, चौकड्यांचे कापड आणि बँकेचा धनादेश यांचे मूळ फारसी ‘शाह’मध्ये शोधणे ही निव्वळ उच्चारसाम्यावरची ओढाताण आहे, आणि ती करायचीच होती तर ‘शाह’च्याही मागे जाऊन संस्कृत ‘क्षत्र’पर्यंत पोहोचायला हवे होते, असे आपले म्हणणे आहे.

उच्चारसाम्याविषयीचा आपला संशय रास्त आहे. त्यावर विसंबून कोणत्याही शब्दाचे गोत्र कोणालाही जुळवता येते. येथे मात्र वाटेवरचे टप्पे लेखी सापडतात. ‘शाह’ हा शब्द बुद्धिबळाबरोबर अरबीमार्गे युरोपात गेला, लॅटिनमध्ये ‘स्काकस’ आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, आणि तेथून इंग्रजीत ‘चेक’ म्हणून आला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला. राजाला शह बसला की खेळाडूला बाकीचे सारे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो, म्हणून ‘चेक’चा अर्थ अडवणे, रोखणे असा झाला. रोखण्यातून नियंत्रण आले आणि नियंत्रणातून ताडून पाहणे; आज सर्वाधिक वापरात असलेला तपासणीचा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे बराच उशिराचा आहे. मराठीतला ‘शह’ पहिल्याच पायरीवर थांबला. आपण शह-काटशह म्हणतो, पण उत्तरपत्रिकांना कोणी शह देत नाही.

चौकड्यांचा दुवा फ्रेंच ‘एशेकिए’, म्हणजे बुद्धिबळाचा पट, या शब्दात आहे. इंग्लंडच्या राजाचा हिशेब ज्या टेबलावर होई, त्याचे वर्णन बाराव्या शतकात खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने केले आहे : सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर ठेवलेले काही घरंगळू नये म्हणून चार बोटे उंचीचा काठ, आणि वर रेघा आखलेले काळे कापड. त्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड यांच्या सोंगट्या मांडल्या जात. पटावर जशी दोन खेळाडूंची लढत, तशी येथे खजिनदार आणि शेरीफ (परगण्यातला राजाचा महसूल गोळा करून त्याचा हिशेब देणारा अधिकारी) यांची, असे तो स्वतःच म्हणतो. ‘एक्सचेकर’ हे राजाच्या खजिन्याचा हिशेब पाहणाऱ्या खात्याचे नाव या टेबलावरून पडले.

धनादेशाबाबत मात्र आपला आक्षेप मला मान्य आहे. तो शब्द थेट ‘एक्सचेकर’मधून आला असे मी लिहिले होते, ते चूक. अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणजे बनावट कागद ओळखण्यासाठी, ताडून पाहायला मागे ठेवलेली स्थळप्रत. पुढे ते नाव मूळ कागदालाच चिकटले. ‘एक्सचेकर’चा प्रभाव केवळ नंतरच्या ब्रिटिश स्पेलिंगवर पडला. अमेरिकेत आजही धनादेश आणि तपासणी यांचे स्पेलिंग एकच आहे. तो परिच्छेद मी दुरुस्त केला आहे.

राहता राहिले संस्कृत. ‘शाह’ प्राचीन फारसीतील ‘ख्शायथिय’ या राजवाचक शब्दापासून आला आहे, आणि त्याचा धातू व ‘क्षत्र’चा धातू एकाच जुन्या मुळाचे आहेत, परंतु हे नाते बहिणींचे आहे, मायलेकींचे नव्हे. युरोपात खरोखर पोहोचलेला संस्कृत शब्द हवा असेल, तर तो ‘चतुरंग’. फारसीत ‘चतरंग’, अरबीत ‘शतरंज’ असे रूप घेत तो स्पॅनिशमध्ये ‘अहेद्रेथ’ झाला, आणि तेथे बुद्धिबळाला आजही त्याच नावाने ओळखतात.